डाव्या हाताची नाडी

आमचे आजोबा वैद्य होते. त्यांची विद्या पुढे घरात कोणी चालविली नाही. फक्त आमची थोरली बहीण आक्का हिने लहानपणी त्यांच्या शेजारी बसून नाडी धरण्याची सवय तेवढी उचलली होती. इंदूरच्या आमच्या घरात कोणी तापाने निजले की थर्मामीटर सापडेपर्यंत आक्काची तीन बोटे त्याच्या मनगटावर टेकलेली असावयाची. पुरुषाचा उजवा हात पाहावयाचा आणि स्त्रीचा डावा, हा आजोबांचा नियम तिने कसोशीने पाळला. तिच्या निदानावर आमच्यापैकी कोणाचा विशेष भरवसा होता असे नाही. म्हातारीचे मन राखावे म्हणून आम्ही हात पुढे करीत असू, एवढेच.

२०१४ सालच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीला बारीक ताप येऊ लागला. ती तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच बी. कॉम. होऊन बँकेच्या परीक्षांच्या तयारीस लागलेली. ताप संध्याकाळी येई, सकाळी नसे. आक्काने शिरस्त्याप्रमाणे एका सकाळी तिचा डावा हात धरला. बोटे थोडी वर सरकविली, खाली सरकविली, पुन्हा टेकविली, आणि म्हणाली, "हिची नाडी हाताला लागत नाही रे."

आम्ही सारे हसलो. "अगं आक्का, नाडीच नसती तर पोर समोर बसून पोहे खात असती का? तुझीच बोटं आता बधिर झाली." आक्काला शहात्तरावे वर्ष होते. तिला ते पटले असावे किंवा राग आला असावा. तिने हात सोडला आणि पुन्हा त्या मुलीची नाडी पाहिली नाही. आजोबांचा नियम मोडून तिने त्याच वेळी उजवा हात पाहिला असता, तर एकीकडे नाडी आहे आणि दुसरीकडे नाही हे तिच्या ध्यानात आले असते. मग बोटांना दोष देता आला नसता. पण तिने तो पाहिला नाही, आणि आम्हीही तिला पाहा म्हटले नाही.

ताप दोनेक महिन्यांनी आपोआप गेला. छातीचे चित्र काढले, ते स्वच्छ निघाले. क्षय नाही, एवढे ऐकून घरात सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलगी मात्र पूर्वीसारखी झाली नाही. वजन उतरले ते उतरलेच. वेणी घालताना डावा हात मध्येच गळून पडे. उंच दांडीवर धुणे वाळत घालताना ती दोन कपड्यांनंतर थांबे. एके दिवशी तिने केस मानेपर्यंत कापून टाकले. त्यावरून तिच्या आईने तिला बरेच बोलून घेतले. कामे टाळण्याची निमित्ते आहेत, आजकालच्या मुलींच्या अंगात दमच नाही, असे आम्हीही म्हणालो. ते शब्द आता आठवले की आमचे आम्हांसच बरे वाटत नाही.

त्या सुमारास आम्ही ज्या डॉक्टरांकडे जात असू, त्यांच्या खोलीत रुग्णाचे स्टूल अशा कोपऱ्यात होते की बसणाराचा डावा हातच त्यांच्या हाताशी येई. रक्तदाबाचा पट्टा नेहमी डाव्या दंडावर बांधला जाई, आणि वरचा आकडा ८६ च्या पुढे कधी गेला नाही. "रक्तदाब कमी आहे, अशक्तपणा आहे, मीठ घालून लिंबाचं सरबत देत चला," असे त्यांनी सांगितले. ते सरबत आमच्या घरी दोन वर्षे होत होते. मुलीचे डोके दुखू लागले की आम्ही आणखी एक पेला करीत असू.

२०१६ च्या एप्रिलात तिला बँकेत नोकरी लागली. रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीस आम्ही तिच्याबरोबर गेलो होतो. तपासणारी डॉक्टर तिशीच्या आतलीच असेल. तिने मुलीचे डावे मनगट धरले, मग कोपराची खोबण चाचपली, मग उजवे मनगट, आणि अखेरीस दोन्ही मनगटे एकदम धरून ती बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. पट्टा बांधला तेव्हा डाव्या दंडावर ८४ भरले आणि उजव्या दंडावर १८४. तिने नळी डाव्या गळपट्टीच्या हाडावरील खळग्यात लावली, नंतर पोटावर बेंबीच्या बाजूस लावली. दोन्हीकडे वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज येत होता. तिने आम्हांस आत बोलावले व विचारले, "हिच्या या हाताची नाडी लागत नाही, हे यापूर्वी घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का?"

आम्ही काही बोललो नाही.

अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस गेलो. तेथे रोहिण्यांची चित्रे निघाली. रक्ताच्या पेशी नळीत तळाशी बसण्याचा वेग तासाला ७८ मिलिमीटर आला. निरोगी तरुण स्त्रीत तो वीसच्या आतबाहेर असतो. अंगात कोठे तरी शोथ धुमसत आहे, याची ती खूण. शोथ म्हणजे नुसती सूज नव्हे. इजा किंवा जंतू यांच्याशी झगडताना शरीर जो दाह उत्पन्न करते, तो शोथ. येथे तो महारोहिणीच्या भिंतीत होता. आमच्या शाळेच्या पुस्तकात महारोहिणी हा शब्द असे. येथील हिंदी पुस्तकांतून मुले महाधमनी शिकतात. हृदयातून निघून छातीत कमान घेणारी आणि पाठीच्या कण्यालगत पोटात उतरणारी, अंगठ्याहून थोडी रुंद अशी ही नळी. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त तिच्यातून जाते. तिच्या भिंतीला तीन थर असतात, आणि भिंत इतकी जाड की तिला पोसण्यासाठी तिच्यातच बारीक रक्तवाहिन्या असतात. आमच्या मुलीच्या रोगात दाह या बारीक वाहिन्यांपासून, म्हणजे बाहेरच्या थराकडून सुरू होऊन आत शिरतो. भिंत जाड होते, आतील वाट अरुंद होते. क्वचित भिंत दुबळी होऊन फुगते. डाव्या हाताकडे जाणारी तिची शाखा जवळजवळ बुजली होती. रक्त आडवाटांनी हातात पोहोचत होते, पण ठोका पोहोचत नव्हता. उजव्या मूत्रपिंडाकडे जाणारी शाखाही आवळली गेली होती. मूत्रपिंडास रक्त कमी मिळाले की शरीरात दाब कमी झाला आहे असा त्याचा समज होतो आणि ते दाब वाढविणारी द्रव्ये सोडते. म्हणजे मुलीच्या सर्व शरीरात दाब भयंकर वाढलेला होता. एकटा डावा हात तेवढा तो दडवून ठेवीत होता, आणि त्या हाताच्या साक्षीवर विसंबून आम्ही तिला मीठ पाजीत होतो.

या रोगास ताकायासू यांचे नाव आहे. मिकितो ताकायासू हे जपानातील कानाझावा येथील नेत्रवैद्य. १९०८ साली त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची पुष्पमालेसारखी विचित्र रचना आपल्या व्यवसायबंधूंच्या सभेत वर्णन केली. त्याच सभेत ओनिशी व कागोशिमा या दोघांनी अशाच रुग्णांचा उल्लेख करून सांगितले, की त्यांच्या मनगटाची नाडी लागत नव्हती. डोळ्यातील ती माला आणि हाताची हरवलेली नाडी यांचा संबंध तेव्हा कोणाला उलगडला नाही. १९५१ मध्ये शिमिझू व सानो यांनी त्यास नाडीहीन रोग असे नाव दिले. परंतु त्याही पूर्वी, १८३० मध्ये, रोकुशू यामामोतो या जुन्या पद्धतीच्या जपानी वैद्याने एका ज्वरपीडित पुरुषाची हकीकत लिहून ठेविली होती, की पुढे त्याच्या हाताची नाडी नाहीशी झाली. त्या वैद्याजवळही बोटांखेरीज दुसरे साधन नसावे. हे ऐकले तेव्हा आम्हांस आक्काचीच आठवण झाली.

आपल्या देशात हा रोग दुर्मीळ असला तरी नवखा नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी (१९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण करणारे ते हेच) डॉ. किणरे, डॉ. केळकर व डॉ. परुळकर या सहकाऱ्यांसह अशा १०१ रुग्णांचा अभ्यास करून एक ग्रंथच लिहिला होता. जपानी रुग्णांत महारोहिणीची कमान व तिच्या शाखा अधिक बिघडतात. आपल्याकडे पोटातील महारोहिणी व मूत्रपिंडांच्या शाखाही पुष्कळदा बाधित होतात. म्हणून जपानात नाडी हरवते, आणि येथे पुष्कळदा वाढलेला रक्तदाब हीच पहिली खूण ठरते. आमच्या मुलीस दोन्ही होते.

येथपर्यंत सारे शास्त्राचे झाले. इंदूरला परतल्यावर दुसरेच प्रकरण निघाले. आमच्या एका आप्तांनी जिज्ञासेपोटी एक जुने वैद्यकीय पुस्तक काढले, त्यात महारोहिणीशोथ शोधला, आणि कारणांत पहिलेच नाव त्यांना उपदंशाचे आढळले. आप्तांनी ते आपल्यापाशी ठेविले नाही. पंधरा दिवसांत ते कोठे कोठे पोहोचले हे आम्हांस कळले, तेव्हा आमच्या बंधूंनी दोन दिवस अन्न घेतले नाही.

आम्ही पुन्हा मुंबईच्या डॉक्टरांना गाठले व हे सारे स्पष्ट सांगितले. त्यांनी शांतपणे समजाविले, की ते पुस्तक खोटे नाही, फक्त शिळे आहे. पेनिसिलीन येण्यापूर्वी उपदंश हे महारोहिणीशोथाचे मोठे कारण होतेच. तो संसर्गानंतर दहा, वीस, कधी तीस वर्षांनी प्रकट होई. महारोहिणीचा हृदयालगतचा भाग धरी, तो फुगवी, झडप गळकी करी. चोविशीतल्या मुलीच्या हाताची व मूत्रपिंडाची शाखा बुजविण्याची त्याची रीत नव्हे. शिवाय रक्ताची साधी चाचणी ते सांगते, आणि ती तिची पहिल्याच दिवशी होऊन गेली होती. जंतूंमुळे होणारे प्रकार आणखीही आहेत. विषमज्वराच्या कुळातील साल्मोनेला किंवा पू करणारे जंतू आधीच खराब झालेल्या भिंतीत घर करतात. तो प्रकार झपाट्याचा व घातक असतो. क्षयाच्या गाठीतून रोग शेजारच्या महारोहिणीत शिरतो. ताकायासूंच्या रोगाचाही क्षयाशी काही संबंध असावा असे आपल्याकडे पुष्कळ काळ मानले गेले, परंतु ते सिद्ध झालेले नाही. आमच्या मुलीच्या रोगात बाहेरचा शत्रू सापडतच नाही. शरीराचीच संरक्षक यंत्रणा भिंतीवर उलटते.

असाच उलटणारा एक प्रकार म्हाताऱ्यांचा. तो पन्नाशीनंतर होतो, उत्तर युरोपातील लोकांत अधिक. त्यात कानशिलावरील शीर दुखते, चावताना जबडा दुखतो, आणि उपचार लांबले तर दृष्टी एकाएकी जाते. काहींत महारोहिणीही सुजते. हे ऐकून आल्यावर आम्ही काही दिवस आक्काच्या कानशिलांकडे इतके निरखून पाहू लागलो, की तिने आम्हांस चांगलेच सुनावले. मणक्यांचा ताठरपणा आणणाऱ्या संधिरोगात महारोहिणीचे मूळ सुजते. अलीकडे ओळखलेल्या एका प्रकारात विशिष्ट प्रतिद्रव्ये असलेल्या पेशी पोटातील महारोहिणीभोवती जाड वेष्टण करतात. आणि काही वेळा तर शस्त्रक्रियेत कापून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत शोथ होता हे कोणालाच ठाऊक नसते. नाव एक, पण आतून ही निरनिराळी दुखणी आहेत. एकावरचे औषध दुसऱ्यास अपायही करील. जंतूंचा रोग असता आमच्या मुलीच्या गोळ्या त्यास वाढवित्या. आमच्या आप्तांना हे आम्ही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ज्यांच्या कानी त्यांनी पहिली गोष्ट घातली होती, त्यांच्यापर्यंत ही दुसरी पोहोचली की नाही, कोण जाणे.

त्याच भेटीत डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. १९९० साली अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांनी हा रोग ओळखण्यासाठी सहा कसोट्या घातल्या होत्या आणि त्यांतील तीन पुरेशा मानल्या होत्या. २०२२ मध्ये त्या बदलल्या. त्या सहांपैकी एक म्हणजे वय चाळिशीच्या आत; दुसरी, हातपाय वापरताना गळून येणे; तिसरी, दंडातील नाडी क्षीण असणे. कसोट्या तज्ज्ञांसाठी होत्या, घरी बसून निदान करण्यासाठी नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरीही कापलेले केस, अर्धवट राहिलेले धुणे आणि आक्काचे ते वाक्य, एवढे आमच्या घरात दोन वर्षे पडून होते.

आक्काला आम्ही हे सांगितले. आमची अपेक्षा होती की ती रागावेल. ती म्हणाली, "म्हणजे माझी बोटं ठीक आहेत तर." मग तिने मुलीला जवळ बोलाविले आणि तिचा उजवा हात मागितला.

उपचार सुरू झाले. प्रेडनिसोलोन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रक्तदाबाच्या गोळ्या, हाडांसाठी कॅल्शियम. शोथ निवल्यावर, २०१७ मध्ये, मूत्रपिंडाची शाखा आतून फुगा घालून रुंद केली. दाह धगधगत असताना तसे केले तर ती पुन्हा बुजण्याचा संभव अधिक. हाताच्या शाखेस हात लावला नाही, कारण आडवाटांवर हाताचे भागत होते. प्रेडनिसोलोनने मुलीचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला. २०१८ मध्ये घरात एक लग्न होते. सर्वांच्या छायाचित्रांत तो चेहरा नको म्हणून तिने कोणास न सांगता गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या आठवड्यात मान दुखू लागली, चक्कर आली, रक्तातील तो वेग पुन्हा चढला, आणि लग्नाच्या दिवशी ती रुग्णालयात होती. या गोळ्या एकाएकी थांबविल्या तर नुसता रोगच उसळतो असे नाही, शरीर स्वतः ते द्रव्य करावयाचे विसरलेले असते. आक्का त्याच वर्षी गेली.

पुढचा प्रश्न तिच्या लग्नाचा. येथे आम्ही चुकलो, हे लिहिले पाहिजे. स्थळांना काही सांगावयाचे नाही, गोळ्या थायरॉईडच्या आहेत असे म्हणावयाचे, असे आम्ही वडीलधाऱ्यांनी ठरविले. एकदा लोकांच्या तोंडी आलेले तो 'उपदंश' पुन्हा निघू नये, हे आमचे कारण; आणि ते कारण मोठे आहे असे आम्हांस खरोखरच वाटत होते. मुलीने ते ऐकून घेतले. २०१९ मध्ये देवासचे एक स्थळ आले. पहिल्याच भेटीत तिने त्या मुलास सारे सांगून टाकले, आणि चार दिवसांनी नकार आला. घरात मोठा कलह झाला. "काका," ती आम्हांस म्हणाली, "आक्काआत्यानं खरं सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. आता मी सांगते तर रागावता." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि थायरॉईडचा विषय त्या दिवशी संपला.

२०२१ मध्ये दुसरे स्थळ आले. त्या मुलासही तिने तसेच सांगितले. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: गोळी चुकली तर काय करावयाचे, आणि मुले होऊ शकतील का. दुसरा प्रश्न आम्ही आधीच डॉक्टरांना विचारून ठेविला होता. होऊ शकतात, मात्र रोग किमान सहा महिने शांत हवा, रक्तदाब ताब्यात हवा, मेथोट्रेक्सेट काही महिने आधी थांबवून त्याऐवजी अझाथायोप्रीनसारखे औषध घ्यावे लागते, आणि सारे गरोदरपण रक्तदाबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. त्याने ते एका कागदावर लिहून घेतले. २०२२ च्या फेब्रुवारीत लग्न झाले.

आता ती उज्जैनला असते. तीन महिन्यांनी रक्त तपासते, वर्षातून एकदा चित्रे काढते. रोग गेला आहे असे डॉक्टर म्हणत नाहीत. निजला आहे, एवढेच म्हणतात. गोळ्यांनी तो आवरला नाही तर टोसिलिझुमॅबची इंजेक्शने आहेत, पण अजून तशी वेळ आलेली नाही. परवा तिच्या सासूबाईंचा आम्हांस दूरध्वनी आला. रक्तदाब मोजण्याचे नवे यंत्र घरी आणले होते आणि सूनबाई कचेरीत गेली होती. ती आली की पट्टा कोणत्या दंडावर बांधावयाचा, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

उजव्या, असे आम्ही सांगितले.